गेटसमोरचा गाळा : परळची एक खानावळ कॉलेजच्या गावी गेली तेव्हा

एका खानावळीच्या कर्जाचं हे प्रकरण आमच्या पतपेढीच्या कर्ज समितीपुढे २०१८ साली आलं. मी तेव्हा समितीवर होतो आणि कर्जाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत होतो, हे आधीच सांगून टाकतो. कुटुंबाला विचारून लिहितो आहे. माणसांची, गावाची आणि संस्थेची नावं गाळली आहेत, रकमा गोल केल्या आहेत. घरातल्या आईला सगळी गल्ली मावशी म्हणते, तेव्हा इथेही मावशीच. मुलगा थोरला, मुलगी धाकटी.

पार्श्वभूमी

मावशींची खानावळ म्हणजे परळच्या चाळीतली दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा, आणि व्हरांड्याचा एक तुकडा जो वर्षानुवर्षं टोपली-पातेली ठेवून त्यांनी आपलासा केला होता. खानावळ सासूबाईंनी सुरू केलेली. सासरे सातारा-सांगली पट्ट्यातले, म्हणून मेंबर, म्हणजे महिन्याच्या हिशेबाने जेवणारी गिऱ्हाइकं, तीही तिकडचीच. तिन्ही पाळ्यांचे गिरणीकामगार. एक उठला की त्याच पाटावर दुसरा. भाकरी, कालवण, बुधवारी-रविवारी सुकट किंवा मटण, महिन्याच्या पगाराला हिशेब. गिरणगावात अशा खानावळी बायकाच चालवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जायला गिरणीच उरली नाही. मेंबर गावी गेले, उधारी वहीत राहिली. ती वही मावशींनी अजून ठेवली आहे. वसुलीसाठी नाही, नुसतीच.

खानावळ तगली ती दवाखान्यांमुळे. परळमध्ये गिरण्यांच्या भोंग्यांच्या काळापासूनचे दवाखाने आहेत. जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून हाफकिनची प्रयोगशाळा, १९२६ पासून केईएम रुग्णालय, वाडियांचं प्रसूतिगृह आणि मुलांचं रुग्णालय, आणि १९४१ ला उघडलेलं कर्करोगाचं टाटा मेमोरियल. गिरणीला टाळं लावता येतं, माग भिवंडीला नेता येतात. शंभर वर्षांचं रुग्णालय आणि त्याला जोडलेलं मेडिकल कॉलेज उचलून कुठे नेणार? सरकारी पगार, केंद्राचा निधी, देणगीदारांचा पैसा आणि लांबून आलेल्या पेशंटच्या कनवटीची नोट, हे सगळं बाहेरून येतं आणि त्यातलं थोडंफार त्याच चार गल्ल्यांत खर्च होतं. संपानंतरचं परळ हे एका अर्थी दवाखान्यांवर जगणारं लहान शहरच होतं, फक्त मुंबईच्या पोटात.

हा बदल मावशींना एका वाटीतून कळला. संपानंतरच्या पावसाळ्यात वॉर्डातल्या एका आयाबाईंनी विचारलं, "पेज करून देशील का गं? बाईच्या नवऱ्याचं तोंडाचं ऑपरेशन झालंय, उघडत नाही." मावशींनी पेज दिली. मग मऊ भात आला, मग गाळलेली डाळ, मग नाकातल्या नळीतून जाईल इतकं पातळ सूप, ज्यात एक शीत राहिलं तरी नळी तुंबते. तिखट नाही, आंबट नाही, मीठ डॉक्टर सांगतील तेवढं. पेशंटबरोबरची माणसं बिहारची, बंगालची, आसामची. त्यांना भाकरी जात नाही. पोळ्या हव्यात, भात हवा, आणि बंगाली असेल तर आठवड्यातून एकदा तरी मासा, तोही मोहरीतला. बोंबलाचं कालवण करणाऱ्या बाईने हे सगळं ऐकून ऐकून उचललं. २०१८ पर्यंत रोजचे सत्तर-ऐंशी डबे जात होते.

अडचण

२०१८ च्या सुरुवातीला चाळ पुनर्विकासाला गेली. बिल्डरने दोन वर्षांचं भाडं एकरकमी दिलं, सहा लाख. वर तीन लाख कॉर्पस, म्हणजे नव्या घराच्या देखभालीसाठीची एकरकमी रक्कम. नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर मिळणार होतं. कागद स्वच्छ होते. पण खानावळ राहत्या खोलीत चालायची, म्हणून कागदावर ती नव्हतीच. गाळ्याचा हक्क नाही. चौदाव्या मजल्यावर पेशंटचा भाऊ डबा न्यायला येणार कसा? वॉचमन त्याला गेटवरच थांबवील.

म्हणजे घर मोठं होणार होतं आणि धंदा बंद पडणार होता. परळमधल्या कितीतरी घरांचं हेच झालं आहे, पण पुनर्विकासाच्या जाहीर कार्यक्रमात त्यावर कोणी बोलत नाही.

समोरचे पर्याय

पहिला, जवळपास भाड्याने गाळा घेणं. पाच लाख अनामत, महिना पंचेचाळीस हजार. मावशींनी दर ऐकले आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

दुसरा, खारघर. टाटाचं संशोधन केंद्र तिकडे आहे, पेशंटही जातात. धाकटी एकदा बघून आली. जागा ऐसपैस, पण परळसारखी पायी पायी गाठता येणारी गिऱ्हाइकं नाहीत. उपचार घेणारे एका टोकाला, राहणारे दुसऱ्या टोकाला. विषय तिथेच संपला.

तिसरा, काळाचौकीला चुलत जावेच्या खोलीत फक्त डबे करणं. भाडं दहा हजार, राहणंही तिथेच. जागा इतकी लहान की पंचवीस-तीस डब्यांच्या वर हात पोचणार नाही.

चौथा पर्याय थोरल्याचा होता. सासऱ्यांच्या मूळ गावापासून बारा किलोमीटरवर एक लहान शहर आहे, महामार्गाला लागून. तिथे एका संस्थेचं इंजिनिअरिंग कॉलेज, फार्मसी, नर्सिंग आणि मेडिकल कॉलेजसह मोठं हॉस्पिटल. थोरला म्हणाला, कॉलेजच्या गेटसमोर गाळा मिळतोय, नऊ हजार भाडं. परळच्या पाचव्या हिश्श्यात, आणि गिऱ्हाईक मात्र तेच: दवाखाना आणि विद्यार्थी.

निर्णय कसा झाला

यावर थोडा रेंगाळणार आहे, कारण चूक इथेच झाली आणि ती एकट्या थोरल्याची नव्हती.

समितीत वातावरण अनुकूल होतं. आमच्यातले बरेच जण त्याच पट्ट्यातले. त्या गावांचा इतिहास आम्हाला घरचा वाटत होता. १९८२ पर्यंत गिरणगावातून मनीऑर्डरी जायच्या आणि त्यावर तिकडच्या चुली पेटायच्या. संपाने त्या आटल्या. पुढच्याच वर्षी, १९८३ ला, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि पश्चिम महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्याला इमारती उठल्या. आधी मुंबईचा पैसा गावाला जायचा तो पगारातून. आता मुंबई-पुण्याचे पालक फी भरून तोच पैसा तिकडे पाठवायला लागले. हे चित्र खोटं नाही. त्या गावाच्या बसस्टँडवर उतरलं की दिसतंच: झेरॉक्स, मोबाइल, चष्मे, पॅथॉलॉजी, एका ओळीत नऊ मेडिकल स्टोअर.

समितीतल्या एकाचा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याने पिट्सबर्गची गोष्ट पाठवली होती. तिथले पोलादाचे कारखाने आपल्या गिरण्यांसारखेच ऐंशीच्या दशकात बसले, आणि शहर सावरलं ते विद्यापीठ आणि रुग्णालयांवर. इतकं की यू. एस. स्टीलच्या चौसष्ट मजली इमारतीच्या माथ्यावर २००८ पासून तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालय-संस्थेची अक्षरं झळकतात. ही गोष्ट ऐकून आम्ही सगळे माना डोलावत होतो. थोरल्याने वेल्लोरचं उदाहरण दिलं. १९०० साली आयडा स्कडर यांनी एका खाटेवर सुरू केलेल्या दवाखान्याचं आजचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, म्हणजे सीएमसी, झालं आणि त्याच्याभोवती लॉजांचं आख्खं बाजारपेठेचं शहर उभं राहिलं; तमिळ मुलखात बंगाली पाट्या आणि मासळी-भाताची हॉटेलं. कर्नाटकातल्या मणिपालचंही नाव निघालं. १९५३ ला तिथे कस्तुरबा मेडिकल कॉलेज सुरू झालं, तोवर ती माळरानाची टेकडी.

मग आम्ही माहितीपत्रक उघडलं. एकूण विद्यार्थी चार हजार. आमचे चिटणीस म्हणाले, शंभरात पाच जण जेवायला आले तरी दोनशे मेंबर. थोरल्याला खर्च भरून निघायला एकशे वीस मेंबर पुरे होते, दोन वेळचे महिना चोवीसशे रुपये धरून. गणित इतकं सोपं होतं की कोणी दुसऱ्यांदा केलं नाही.

धाकटी त्या बैठकीला आली होती. ती मुंबईतल्या एका हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर कंत्राटी कामाला होती; दिवसभर केसपेपरवर पत्ते लिहायची. तिने एकच प्रश्न विचारला, "काका, तिथला पेशंट रात्री कुठे झोपतो?"

मी म्हणालो, "हॉस्पिटलात, दुसरीकडे कुठे?" लोक हसले. तीही हसली आणि गप्प बसली. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पाच लाखांचं कर्ज मंजूर झालं, साठ हप्ते. थोरल्याने बिल्डरच्या नऊ लाखांपैकी साडेसात तिकडे नेले. दीड लाख मावशींकडे राहिले आणि त्यांनी तिसरा पर्यायही चालू ठेवला: काळाचौकीची खोली, पंचवीस डबे. थोरला म्हणत होता, आई, आता दमलीस, चल गावाला. मावशींचं उत्तर: "तुझं बस्तान बसू दे, मग बघू." सावधपणा म्हणून नव्हे, त्यांना परळ सोडवत नव्हतं म्हणून. पण घर वाचलं ते त्यामुळे.

पहिलं वर्ष

गाळा, भांडी, शेगड्या, फ्रीज, टेबलं यांची जुळवाजुळव होईपर्यंत २०१९ चा जुलै उजाडला. ऑगस्टअखेर मेंबर सेहेचाळीस. ऑक्टोबरला सत्तर. दिवाळीच्या सुट्टीत शून्य. डिसेंबरात परीक्षा आणि अभ्यासाची सुट्टी, पुन्हा तीसवर. जानेवारी-फेब्रुवारीत पंच्याऐंशी, तो उच्चांक. गाळ्याचं भाडं मात्र बाराही महिने.

धाकटी दिवाळीची सुट्टी संपल्यावर गेली आणि चार दिवस राहून तिने जे मोजलं ते आम्ही आधी मोजायला हवं होतं. संध्याकाळी ती गल्ल्यांतून फिरली आणि गच्च्या-गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे बघत भाड्याच्या खोल्या मोजल्या, घरमालकांशी बोलली. चार हजार हा आकडा मंजूर जागांचा होता. प्रवेश त्याहून बरेच कमी. इंजिनिअरिंगच्या काही शाखा अर्ध्या रिकाम्या. जे होते त्यांतले निम्म्याहून जास्त वसतिगृहात, आणि वसतिगृहाच्या फीमध्येच मेसचे पैसे धरलेले, जेवा नाहीतर उपाशी राहा. उरलेले बहुतेक आसपासच्या गावांतून कॉलेजच्या बसने नाहीतर एसटीने येणारे. गावात खोली करून राहणारे सगळे मिळून तीनशेच्या आसपास. त्यांतल्या बऱ्याच मुली खोलीतच शिजवायच्या. आणि मेस आधीच पाच.

हॉस्पिटलची तऱ्हा वेगळीच. ओपीडीला जत्रा. पण पेशंट तीस-चाळीस किलोमीटरच्या परिघातला. सकाळी एसटीने यायचं, कडोसरीला भाकरी-ठेचा, शेवटच्या गाडीने परत. दाखल झालाच तर पुष्कळांचं बिल महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, त्यात पेशंटचं जेवण धरलेलं. सोबतची बाई वॉर्डाबाहेर पथारी टाकायची आणि घरचा माणूस एक दिवसाआड डबा घेऊन यायचा. परळात पेशंट दीड हजार किलोमीटरवरून येतो. त्याच्याकडे घरचा डबा येऊच शकत नाही. वेल्लोरला लोक दोन-दोन रात्री रेल्वेने प्रवास करून जातात. मणिपालला पोरं देशभरातून येऊन राहतात. खाटा किती, इमारत किती मजली, यावरून यातलं काही कळत नाही. गावाच्या बाजारात पैसा सुटतो तो मुक्कामाला राहणाऱ्या माणसाच्या हातून, आणि आमच्या या गावात तो माणूसच थोडा होता.

संस्थेची स्वतःची खरेदीही गावात फारशी होत नव्हती. दूध संस्थाचालकांच्याच दूध संघाचं. औषधं आणि यंत्रं पुण्या-मुंबईहून. मोठे डॉक्टर शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढून पुण्याला. पगार गावात वाटला जायचा, खर्च व्हायचा दुसरीकडे. गावाला काही मिळत नव्हतं असं मुळीच नाही: वॉर्डबॉय, आया, सुरक्षा रक्षक, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर, धोबी, भाजीवाले, कितीतरी घरं त्यावर चालत होती. आसपासच्या मुली नर्सिंग शिकून मुंबई-पुण्यालाच नव्हे, आखातातही गेल्या. पण हा पैसा गेटसमोरच्या मेसपर्यंत येत नव्हता. वॉर्डबॉय डबा घरून आणतो.

आणि जो येत होता तो गाळ्याच्या मालकाकडे जात होता. अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा त्याने नऊचे तेरा हजार मागितले. कारण सांगितलं, "आता तुमचा जम बसलाय की." मालक वाईट माणूस नव्हे. कॉलेज येण्यापूर्वी त्याच्या बापाने तिथे हरभरा पेरला होता. कॉलेज आलं, हरभऱ्याचं वावर गेटसमोरची जमीन झालं, आणि तेव्हापासून त्या शंभर फुटांत कोणी कितीही कष्ट केले तरी वाढावा जमिनीच्या धन्याकडे जातो. परळमध्ये मावशींनी हे कधी अनुभवलंच नव्हतं, कारण पागडीच्या खोलीचं भाडं नावापुरतं होतं. त्यांच्या डब्यांत नफा दिसायचा त्यातला मोठा भाग म्हणजे न दिलेलं भाडं होतं, हे आमच्या समितीतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

मार्च २०२०

विद्यार्थी दोन दिवसांत पांगले. पंच्याऐंशीतले चार उरले, तेही घरी जायला गाडी नव्हती म्हणून. शिक्षण आणि आरोग्य ही जोडी आम्ही एका दमात उच्चारत होतो, पण टाळेबंदीने दोन्ही वेगळी करून दाखवली. कॉलेज एका परिपत्रकाने बंद होतं. हॉस्पिटल बंद होत नाही.

मुंबईत लोकल थांबल्या आणि परळच्या फुटपाथांवर, धर्मशाळांत बाहेरगावचे पेशंट अडकले. कर्करोगाचे उपचार थांबले नव्हते. केमोची तारीख टाळेबंदी बघत नाही. हॉटेलं बंद. मावशींचे पंचवीस डबे एप्रिलमध्ये नव्वदवर गेले. धाकटीने पोलिसांचा पास काढला, गल्लीतल्या एका गणेश मंडळाने तांदूळ दिला, काही दात्यांनी डब्यांचे पैसे भरले. त्या खोलीत तीन शेगड्यांवर नव्वद डबे कसे निघाले हे मी दारात उभं राहून पाहिलं आहे, तरी सांगता येणार नाही.

थोरल्याला जूनमध्ये काम मिळालं: कोविड वॉर्डातल्या, विलगीकरणात ठेवलेल्या परिचारिकांचे डबे. काम मिळालं, बिल मिळालं नाही. सात महिने. त्याच काळात बिल्डरचं दोन वर्षांचं आगाऊ भाडं संपलं आणि पुढचं आलं नाही. आम्ही समितीत हप्ते सहा महिने पुढे ढकलले. एक सभासद म्हणाले की खातं थकीत दाखवा. नियमाने त्यांचं बरोबर होतं.

इथे निर्णयाचा दुसरा क्षण आला. थोरला गाळा सोडून परत यायला तयार होता. मावशींनी फोनवर विचारलं, "तिथं भात मऊ कोण करतं रे?" त्याला प्रश्न कळला नाही. त्यांना विचारायचं होतं की त्या हॉस्पिटलात ज्यांना साधं जेवण जात नाही त्यांचं काय होतं. त्याने चौकशी केली. कोणीच करत नव्हतं.

वळण

एप्रिल २०२१ ला, दुसऱ्या लाटेत, थोरल्याने गेटसमोरचा गाळा सोडला. अनामतीतून थकलेलं भाडं कापून जे आलं ते आलं. दोन किलोमीटर आत एका घराची मागची बाजू चार हजारांनी घेतली, मोटारसायकलला पेटी लावली आणि मेस बंद करून डबे सुरू केले. अन्नसुरक्षेची नोंदणी तेव्हा छोट्या धंद्याला वर्षाला शंभर रुपयांत व्हायची, ती पत्ता बदलून घेतली.

२०२२ च्या सुरुवातीला हॉस्पिटलात रेडिएशनचं यंत्र आलं. हे कोणाच्याही अंदाजात नव्हतं, त्याचं श्रेय थोरल्याला देता येत नाही आणि आम्हाला तर नाहीच. पण त्याने काय बदललं ते बघण्यासारखं आहे. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, पाच ते सात आठवडे चालतं. रोजचं काम काही मिनिटांचं, म्हणून पेशंट बहुधा दाखल होत नाही. पण पन्नास-साठ किलोमीटरवरून घसा भाजलेला माणूस रोज एसटीने येऊ शकत नाही. त्याला सव्वा-दीड महिना गावात राहावंच लागतं, सोबत एक माणूस. ज्या घरमालकांच्या खोल्या इंजिनिअरिंगची पोरं घटल्याने रिकाम्या पडल्या होत्या, त्यांनी त्या पेशंटना द्यायला सुरुवात केली. मुक्कामाचा माणूस आला.

मावशी तेव्हा दोन महिने तिकडे जाऊन राहिल्या. थोरला खानावळीत वाढलेला, पण पेज त्याने कधी केली नव्हती. तो पैसे आणि बाजारहाट बघायचा. मावशींनी त्याच्या बायकोला आणि मदतीच्या दोघींना गाळलेली डाळ, मुगाचं कढण, दुधातला रवा, ज्वारीची पातळ आंबील शिकवली. पेशंट मराठी, म्हणून मोहरीतल्या माशाची गरज नव्हती. ठेचा नाही म्हटल्यावर रुसणारे मात्र भरपूर.

२०२४ मध्ये तिथून रोज साठ डबे जात होते. पस्तीस पेशंटकडे, पंधरा नर्सिंगच्या मुलींकडे, बाकी विद्यार्थी. पत्नी आणि थोरला दोघांची मजुरी धरली तर धंदा जेमतेम फायद्यात. कर्ज मार्च २०२५ ला फिटलं, ठरल्यापेक्षा सात महिने उशिरा. बिल्डरच्या साडेसात लाखांतले निदान तीन लाख कायमचे गेले असं धाकटीचा हिशेब सांगतो. थोरला दोन म्हणतो.

पुन्हा करायचं झालं तर

समितीने माहितीपत्रक बाजूला ठेवून एका माणसाला चार दिवस गावात राहायला पाठवायला हवं होतं, आणि तेही सुट्टीच्या महिन्यात. गजबजलेल्या महिन्यात कुठलंही कॉलेज सोन्याची खाण दिसते. वसतिगृहाच्या फीत मेस धरली आहे का, शेवटची एसटी किती वाजता सुटते, पेशंटच्या केसपेपरवर कुठले पत्ते असतात, एवढ्या तीन गोष्टींवर आमचा अर्धा अहवाल उभा राहिला असता.

बिल्डरने दिलेलं भाडं हे राहण्याचं भाडं असतं, भांडवल नव्हे. आम्ही ते भांडवलात मोजलं. हे माझ्या मते सगळ्यांत गंभीर, कारण पुढचं भाडं थांबू शकतं हे परळमध्ये शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

गाळा घेणं चूक होतं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. चिटणीस म्हणतात की गेटसमोर बसल्यामुळेच थोरल्याची गावात ओळख झाली. मला वाटतं की सुरुवातच मागच्या गल्लीतून आणि डब्यांनी केली असती तर दोन लाखांची अनामत आणि टेबलांचा खर्च वाचला असता. मावशींचा धंदा कधीच टेबलांचा नव्हता. त्यांचं भांडवल हातात होतं, आणि ते हात आम्ही काळाचौकीला ठेवून थोरल्याला गाळा घेऊन दिला.

सध्या

टॉवरचा ताबा २०२४ च्या दिवाळीनंतर मिळाला. मावशी आणि धाकटी चौदाव्या मजल्यावर राहायला गेल्या. डबे अजून काळाचौकीच्या खोलीतूनच निघतात, चाळीसच्या आसपास. पंजाबकडची माणसं आता कमी दिसतात, असं मावशी म्हणतात. त्यांचा अंदाज असा की टाटाने संगरूरला रुग्णालय काढल्यामुळे. खरं-खोटं त्यांनी मोजलेलं नाही.

धाकटीने सोसायटीपुढे एक अर्ज दिला आहे. इमारतीच्या तळमजल्यावर एक बंद खोली आहे, ती भाड्याने मिळावी, दिवसातून दोन तास डबे वाटायला. पहिल्या सभेत विषय तहकूब झाला. वासाची तक्रार येईल असं एक जण म्हणाले, दुसरे म्हणाले बाहेरचे पेशंट गेटवर जमतील. २०२१ साली टाटाच्या पेशंटच्या नातेवाइकांना म्हाडाची शंभर घरं द्यायचं ठरलं तेव्हाही करी रोडच्या रहिवाशांनी विरोध केला होता आणि शेवटी घरं बॉम्बे डाइंगच्या जागेतल्या इमारतीत देण्यात आली. तो दाखला धाकटीच्या विरुद्ध बाजूनेच सभेत काढला गेला.

आक्षेप घेणाऱ्या दोघांपैकी एकाचे वडील मावशींच्या सासूकडे मेंबर होते. त्यांचं नाव त्या जुन्या वहीत आहे, पुढे सत्तावीस रुपये बाकी. वही सभेत न्यायची का, यावर मायलेकींचं भांडण चालू आहे. पुढची सभा गणपतीनंतर.